'रक्तातच आहे' म्हणे!

एखाद्या मुलाचे शिक्षण थांबवायचे असेल तर त्याला नाउमेद करण्याची काही गरज नाही. त्याचे कौतुक करावे. चार माणसांत त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणावे, 'याच्या तर रक्तातच आहे!' काम फत्ते. मुलगा खूश, आईबाप खूश, आणि शिकवण्याची जबाबदारी ज्याच्यावर येऊन पडली असती तो तर सगळ्यांत जास्त खूश.

मी खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवते. बी.एड. झाल्यापासून खडू हातात आहे. काही वर्षांपूर्वी माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याच्या वडिलांचा लग्नातला बँड; आजोबांचाही तोच धंदा. मुलगा ट्रंपेट वाजवायचा. स्नेहसंमेलनात त्याने वाजवले तेव्हा प्रमुख पाहुण्यांनी उभे राहून टाळ्या दिल्या आणि माइक हातात घेऊन नेमके तेच वाक्य म्हटले. त्या मुलाची एकच इच्छा होती. त्याला नोटेशन शिकायचे होते. कागदावर लिहिलेले संगीत वाचता यावे, एवढीच मागणी. गावात परेडचा बँड बसवणारे एक जाणकार गृहस्थ होते. मी त्याला त्यांच्याकडे घेऊन गेले. गृहस्थ हसले. म्हणाले, ''बाई, याला काय शिकवायचे? यांच्या रक्तातच आहे ते. शिकवावे लागते आमच्या मुलांना.'' चहा पाजला आणि आम्हाला वाटेला लावले.

त्याच वर्षी एका प्रशिक्षण शिबिरात गणिताच्या निकालावर चर्चा चालू होती. व्यासपीठावरून एक तज्ज्ञ सहज बोलून गेले, ''उर्दू माध्यमाच्या मुलांच्या रक्तातच गणित नाही, हे एकदा मान्य केले पाहिजे.'' काही जण हसले. ज्यांना हसू आले नाही ते वहीत काहीतरी लिहीत असल्यासारखे खाली बघत बसले. मीही त्यांतलीच. पहिल्या वाक्यात गौरव होता, दुसऱ्यात हेटाळणी. पण दोन्ही वाक्यांचा निकाल एकच : शिकवू नका. एकाला गरज नाही म्हणून आणि दुसऱ्याला उपयोग नाही म्हणून. त्या दिवशी मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची भरपाई म्हणून हा लेख लिहिते आहे, आणि साक्षीदार म्हणून एका इंग्रज हॉर्नवादकाला बोलावते आहे.

स्टाफरूममध्ये हे सांगितले तेव्हा एका सहकाऱ्याने विचारले, ''हॉर्न? ट्रकचा?'' नाही साहेब, ट्रकचा नाही. पाश्चात्त्य वाद्यवृंदात पितळेचे एक गोल वेटोळे असलेले वाद्य असते, त्याला हॉर्न किंवा फ्रेंच हॉर्न म्हणतात. नळी सरळ केली तर सुमारे 12 फूट भरेल. डावा हात कळांवर, उजवा हात पसरट भोंग्याच्या आत, आणि ओठ एका लहानशा मुखनळीवर. कळ दाबली की सूर आपोआप येतो असे या वाद्यात नाही. एकाच कळेवर ओठांच्या ताणाने कितीतरी वेगवेगळे सूर निघतात, आणि वरच्या पट्टीत ते एकमेकांच्या इतके जवळ असतात की ओठ केसभर ढिला पडला तर शेजारचाच सूर फुटून बाहेर येतो. भर मैफलीत, हजार माणसांसमोर. म्हणून वाद्यवृंदातले हे सर्वांत बेभरवशाचे वाद्य मानतात. ज्या वाद्यात चूक इतकी स्वस्त आहे, तिथे 'रक्तात आहे' हे स्पष्टीकरण किती पुरे पडते ते आता पाहू.

त्या मुलाला लग्नाच्या गाण्यांपलीकडचे काही ऐकवावे म्हणून मी मोबाइलवर शोधत होते. त्यात डेनिस ब्रेन सापडला. मोत्सार्टच्या चार हॉर्न कॉन्चेर्टोंचे त्याचे 1953चे ध्वनिमुद्रण. वाद्यवृंद फिलहार्मोनिया, संचालक हर्बर्ट फॉन कारायान. मुलाने फोन कानाला लावून एकच तुकडा तीनदा ऐकला. मी मोठ्या उत्साहाने त्याला माहिती पुरवली. याचे वडील हॉर्नवादक, आजोबा हॉर्नवादक, काका हॉर्नवादक. मला वाटले, मुलगा खूश होईल. आपल्यासारखाच खानदानी वाजवणारा! मुलाने फोन माझ्या हातात दिला आणि विचारले, ''वो तो ठीक है टीचर, लेकिन इसको सिखाया किसने?''

मी बी.एड. झालेली. हा प्रश्न मला सुचला नव्हता. तो आठवीतल्या पोराला सुचला, कारण शिकवायला नकार मिळालेला तोच होता.

शोध घेतला तेव्हा कळले की जगालाही हा प्रश्न फारसा सुचत नाही. डेनिस ब्रेनची गोष्ट बहुतेक वेळा अशी सांगतात : 17 मे 1921 रोजी लंडनमध्ये जन्म, हॉर्नवादकांच्या तिसऱ्या पिढीत, विसाव्या शतकातला बहुधा सर्वांत नावाजलेला हॉर्नवादक, बेंजामिन ब्रिटनसारख्या संगीतकाराने त्याच्यासाठी रचना लिहिली, 1 सप्टेंबर 1957 रोजी एडिंबरा महोत्सवाहून रात्रभर मोटार चालवत परतताना लंडनजवळ अपघातात गेला, वय 36. जन्माने मिळालेली देणगी आणि अकाली मृत्यू. दोन टोके पक्की, मधला माणूस गायब. या गोष्टीत वर्ग नाही, फळा नाही, चुकलेला सूर नाही आणि चूक दाखवणारा कोणी नाही. अशी गोष्ट ऐकायला फार गोड लागते, कारण ती ऐकणाऱ्याकडून काहीच मागत नाही.

आता तीच गोष्ट शिक्षकांच्या बाजूने सांगते.

आजोबा आल्फ्रेड ब्रेन हॉर्न वाजवत, हे खरे. पण त्यांचे दोन मुलगे, थोरले आल्फ्रेड आणि धाकटे ऑब्री, यांना घडवणारे हात घरातले नव्हते. ते हात होते आडोल्फ बोर्सडॉर्फ नावाच्या एका जर्मन माणसाचे. जन्म 1854, सॅक्सनी प्रांतात. तरुणपणी वाजवण्यासाठी लंडनला आले आणि तिथलेच झाले. लंडनच्या दोन्ही मोठ्या संगीतशाळांत, रॉयल कॉलेज ऑफ म्युझिक आणि रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये, त्यांनी हॉर्न शिकवला. आल्फ्रेड अकॅडमीत त्यांचे शिष्य झाले, ऑब्री 1911 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून कॉलेजात. म्हणजे ज्याला आपण 'ब्रेन घराण्याची तिसरी पिढी' म्हणतो, त्या वंशवृक्षाच्या ऐन मधोमध एक परका माणूस बसलेला आहे. आजोबा आणि नातू यांच्यामध्ये रक्ताची रेघ सलग आहे. शिक्षणाची रेघ मात्र बोर्सडॉर्फ यांच्या घरावरून गेली आहे.

गंमत इथेच संपत नाही. इंग्लंडच्या ज्या हॉर्नच्या सुराचे, त्या सडपातळ, स्वच्छ, गाण्यासारख्या सुराचे, इंग्रज लोक 'आमचा अस्सल इंग्रजी सूर' म्हणून कौतुक करीत, त्याची घडण पाहा. शिक्षक जर्मन आणि वाद्य फ्रेंच! पॅरिसच्या राऊ नावाच्या कारागिरांच्या घडणीचा अरुंद नळीचा हॉर्न, त्याला कळा बसवलेल्या. बोर्सडॉर्फ यांनी जर्मन असूनही हीच फ्रेंच घडण स्वीकारली आणि शिष्यांच्या हाती दिली. जर्मन उस्ताद, फ्रेंच पितळ, इंग्रज ओठ. यात 'अस्सल' काय ते शोधून दाखवावे. जे जे अस्सल म्हणून मिरवले जाते त्याच्या मुळाशी कोणीतरी बाहेरचा शिकवणारा सापडतो. मग त्याचे नाव पुसण्याची घाई सुरू होते.

बोर्सडॉर्फ यांचे नाव कसे पुसले गेले तेही सांगते, कारण माझ्या लेखाचा जीव त्यात आहे. 1904 मध्ये लंडनच्या क्वीन्स हॉलमधल्या वाद्यवृंदात वाद झाला. आपल्या जागी बदली वादक पाठवण्याची वादकांची जुनी सवलत संचालकांनी बंद केली. नाराज वादक बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःच्या मालकीचा, स्वतःच कारभार पाहणारा वाद्यवृंद काढला. तोच आजचा जगप्रसिद्ध लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा. त्यासाठी पुढाकार घेणारे चौघे होते : बोर्सडॉर्फ, टॉमस बझ्बी आणि आंरी व्हान डेर मेर्शेन हे तीन हॉर्नवादक आणि जॉन सॉलोमन हा ट्रंपेटवादक. 9 जून 1904 रोजी क्वीन्स हॉलमध्येच पहिली मैफल झाली. बोर्सडॉर्फ संस्थापक, आघाडीचे वादक आणि शहरातल्या तरुण हॉर्नवादकांचे गुरू. आणखी काय हवे?

मग 1914 आले. महायुद्ध पेटले, जर्मनीशी वैर झाले, आणि ज्यांच्या शेजारी खुर्ची टाकून माणूस दहा वर्षे बसला त्या सहकाऱ्यांना एकाएकी त्याचा जन्म दिसू लागला. पस्तीसएक वर्षे लंडनमध्ये काढलेल्या या माणसाला, त्यानेच उभारलेला वाद्यवृंद सोडावा लागला. त्याच्या वाजवण्यात दोष काढला नव्हता. शिकवण्यातही नाही. दोष निघाला रक्तात. 1923 मध्ये ते वारले. त्यांचा मुलगा फ्रान्सिस पुढे लंडनमध्ये हॉर्नवादक म्हणूनच जगला. पण बोर्सडॉर्फ या नावाने नव्हे, ब्रॅडली या नावाने. बापाची विद्या चालली, आडनाव चालले नाही.

वाचकहो, 'रक्तात आहे' या वाक्याचा खरा चेहरा मला इथे दिसला. ज्या लोकांना रक्ताच्या भाषेत कौतुक करायची सवय असते, त्यांनाच वेळ आली की रक्ताच्या भाषेत हाकलून द्यायचीही सवय असते. भाषा एकच, फक्त हंगाम बदलतो. स्नेहसंमेलनाच्या पाहुण्यांचे वाक्य आणि शिबिरातल्या तज्ज्ञांचे वाक्य मला जुळी भावंडे वाटतात ती यामुळेच.

आता डेनिसकडे येऊ. बाप ऑब्री ब्रेन 1930 मध्ये स्थापन झालेल्या बीबीसी सिंफनी ऑर्केस्ट्राचे प्रमुख हॉर्नवादक आणि रॉयल अकॅडमीत प्राध्यापक. आई मॅरियन बीली गायिका. रक्तवाद्यांसाठी याहून चांगले घर कोणते? पण त्या घरात काय चालले होते ते पाहा. ऑब्री ब्रेन यांचे ठाम मत होते की कायमचे दात आणि ओठ पक्के झाल्याशिवाय मुलाच्या हाती हॉर्न देऊ नये. छोट्या डेनिसला कधीमधी, शनिवारी सकाळी, बापाच्या हॉर्नवर एखाददुसरा सूर फुंकायला मिळायचा. तेवढेच. खुद्द इंग्लंडच्या अव्वल हॉर्नवादकाचा मुलगा, आणि पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला हॉर्नची रीतसर तालीम नाही!

ज्या बापाचा रक्तावर विश्वास असता, त्याने पाचव्या वर्षी पोराला स्टेजवर उभे केले असते. या बापाचा विश्वास शिक्षणावर होता, म्हणून तो थांबू शकला. शिकवायला केव्हा सुरुवात करायची हे ज्याला कळते तो शिक्षक. आणि केव्हा सुरुवात करायची नाही हे ज्याला कळते तो मोठा शिक्षक. आमच्याकडे अडीच वर्षांच्या लेकराची नर्सरीसाठी मुलाखत घेतात. धड पेन्सिल न धरता येणाऱ्या बोटांना पानेच्या पाने गिरवायला लावतात. त्या सगळ्यांनी ऑब्री ब्रेन यांचा हा संयम एकदा समोर ठेवावा.

1936 मध्ये डेनिस सेंट पॉल्स शाळा सोडून रॉयल अकॅडमीत दाखल झाला. हॉर्नला गुरू वडीलच. पण फक्त वडील नव्हेत. पियानोसाठी मॅक्स पिरानी, ऑर्गनसाठी जी. डी. कनिंगहॅम आणि हार्मनीच्या शास्त्रासाठी माँटेग्यू फिलिप्स. ही तीन नावे डेनिस ब्रेनचे गोडवे गाणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असतात? हॉर्नवर एका वेळी एकच सूर निघतो. चार सुरांची इमारत कशी उभी राहते आणि त्यात आपली वीट कोणती, हे त्याला या तिघांच्या वर्गांतून कळले असणार. मी शिक्षिका म्हणून सांगते, मुलाच्या आवडीच्या विषयात तो उत्तम व्हावा असे वाटत असेल तर त्याच्या शेजारचे विषय त्याला नीट शिकवा. आमच्याकडे उलटी रीत आहे. मूल खेळात चमकले की अभ्यास माफ, वाजवण्यात चमकले की वाचन माफ. त्या बँडवाल्याच्या मुलाला मागच्या बाकावर झोपायची मुभा होती. 'रात्री वाजवून आलाय बिचारा' म्हणून आम्ही शिक्षक कौतुकाने त्याला झोपू देत होतो. मीसुद्धा. त्याच्या प्रगतिपुस्तकात 'संगीताचा उपजत कल' असे मी माझ्याच हाताने लिहिले आहे. उपजत! म्हणजे आता माझे काम काहीच नाही. पाहुण्यांच्या त्या वाक्याचे ते सरकारी रूप.

6 ऑक्टोबर 1938. सतरा वर्षांचा डेनिस प्रथमच व्यावसायिक मैफलीत बसला. बाखचा पहिला ब्रांडेनबर्ग कॉन्चेर्टो. त्यात दोन हॉर्न असतात. पहिला हॉर्न बापाचा, दुसरा मुलाचा. पुत्रप्रेमाने त्याला पुढे ढकलले नाही, शेजारच्या खुर्चीवर बसवले. जागा क्वीन्स हॉल, जिथे चौतीस वर्षांपूर्वी बोर्सडॉर्फ यांच्या वाद्यवृंदाची पहिली मैफल झाली होती. आणि त्या दिवशीचे वादकमंडळ आडोल्फ बुश यांचे. बुश जर्मन व्हायोलिनवादक. ज्यूंच्या छळाचा निषेध म्हणून 1933 पासून त्यांनी जर्मनीत वाजवणे सोडले होते. जर्मन म्हणून लंडनच्या वाद्यवृंदातून बाहेर पडावे लागलेल्या गुरूचा शिष्य, स्वतःच्या देशाकडे पाठ फिरवलेला एक जर्मन आणि त्यांच्यामध्ये बसलेला सतरा वर्षांचा पोरगा. तो क्वीन्स हॉल 1941च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बने जळाला. दोन्ही बाजूंच्या रक्तवाद्यांनी मिळून काय काय जाळले त्याची ही एक छोटी नोंद.

पुढचे थोडक्यात. युद्धकाळात डेनिस हवाई दलाच्या बँडमध्ये होता. होय, बँडमध्ये. तिथेच 1942 मध्ये ब्रिटनची त्याच्याशी ओळख झाली, आणि टेनर, हॉर्न व तंतुवाद्ये यांच्यासाठी ब्रिटनने 'सेरेनेड' लिहिली. 15 ऑक्टोबर 1943 रोजी लंडनच्या विग्मोर हॉलमध्ये गायक पीटर पिअर्ससोबत डेनिसने ती प्रथम वाजवली. तिची सुरुवात आणि शेवट एकट्या हॉर्नचा आहे, आणि तो भाग कळ न दाबता केवळ ओठांनी वाजवायचा असतो. तिथे नळीचे नैसर्गिक सूर निघतात, त्यांतले काही पियानोच्या सुरांपासून किंचित बाजूला पडतात. अजाण माणसाला वाटावे, वादक बेसुर झाला. खरे तर ते सूर तसेच हवे असतात. 'नैसर्गिक' म्हणवणारे हे सूर नेमके तसे लावायलाही केवढी तालीम लागते! निसर्गसुद्धा शिकावाच लागतो, ही गोष्ट आमच्या 'उपजत'वाल्यांना कोण सांगणार?

आता रक्तवाद्यांच्या शंकांना उत्तर देणे भाग आहे, नाहीतर ते म्हणतील, बाईंनी सोयीचे तेवढे सांगितले.

पहिली शंका : काहीही म्हणा, घर तर हॉर्नवादकाचेच होते ना? होते. पण त्याच आईबापांचा थोरला मुलगा लिओनार्ड ओबो वाजवणारा निघाला. रक्त तेच, वाद्य वेगळे. घराने दोघांना जे दिले त्याला रक्त म्हणत नाहीत, कान म्हणतात. भिंतीपलीकडे रोज उत्तम रियाज चालू असेल तर मुलाला चांगले काय आणि वाईट काय हे कळू लागते. हे शिक्षणच आहे. फक्त त्याची हजेरी घेतली जात नाही. ज्याच्या घरात असे काही कानावर पडत नाही त्याला शाळेने ते द्यायचे असते. शाळा असते कशासाठी?

दुसरी शंका : ऑब्री यांनी अनेकांना शिकवले, मग डेनिस एकच का झाला? प्रश्न रास्त आहे. प्रत्येक शिष्य डेनिस होईल असे मी म्हणतच नाही. माणसामाणसांत फरक असतो. तो नाकारणारी शिक्षिका पहिल्याच तासाला तोंडावर पडेल. पण त्याच ऑब्री ब्रेन यांच्याकडे ॲलन सिव्हिल नावाचा मुलगा शिकला. नॉर्थॅम्प्टनचा, ब्रेन घराण्याशी रक्ताचा काडीचा संबंध नसलेला. पुढे तो हॅम्बुर्गला जाऊन विली फॉन श्टेम या जर्मन उस्तादाकडेही शिकला. डेनिस गेल्यावर फिलहार्मोनियातली त्याची खुर्ची या सिव्हिलनेच सांभाळली. बीटल्सच्या 1966 मधल्या 'फॉर नो वन' या गाण्यात जो हॉर्न वाजतो तो याच सिव्हिलचा. वारस कोण? रक्ताची नोंदवही पाहिली तर कोणी नाही. शिक्षणाची पाहिली तर समोर बसला आहे.

तिसरी शंका जरा बारीक आहे : शिक्षकांचे एवढे स्तोम माजवले तर शिष्य त्यांचीच नक्कल करीत बसेल. इथेही डेनिसच साक्षीला येतो. ऑब्री ब्रेन फ्रेंच घडणीच्या अरुंद हॉर्नचे कट्टर अभिमानी. जर्मन बनावटीचा रुंद हॉर्न त्यांना खपत नसे. डेनिसने 1951 मध्ये राऊचा फ्रेंच हॉर्न बाजूला ठेवला आणि माइन्झच्या आलेक्झांडर कारखान्याचा हॉर्न हाती घेतला. जर्मन! तेव्हा वडील हयात होते. ते 1955 मध्ये गेले. वडिलांना काय वाटले असेल? पण ऐकणारे म्हणत, वाद्य बदलले तरी सूर डेनिसचाच राहिला. शिकवलेला माणूसच शिक्षकाची आज्ञा मोडू शकतो, कारण आपण नेमके काय मोडतो आहोत हे त्याला ठाऊक असते. न शिकवलेल्याच्या हाती फक्त अंदाज असतो. अपघातात मोडलेला तो आलेक्झांडर पुढे दुरुस्त करून रॉयल अकॅडमीत ठेवला आहे, जिथे डेनिस शिकला त्याच संस्थेत.

आपल्याकडे वेगळे काय आहे? 'घराणे' हा शब्द घरावरून आला. पण घराणी टिकली ती घराबाहेरच्या शागिर्दांमुळे. अब्दुल करीम खाँसाहेबांनी कुंदगोळच्या रामभाऊंना शिकवले, त्यांचे सवाई गंधर्व झाले. सवाई गंधर्वांनी गंगूबाई हनगल आणि भीमसेन जोशी घडवले. कोल्हापूरच्या अल्लादिया खाँसाहेबांची विद्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्या गळ्यातून पुढे गेली. या साखळीत रक्ताचा प्रश्न कोणी विचारला असता तर पहिल्याच कडीला साखळी तुटली असती. अगदी बिस्मिल्ला खाँसाहेबांच्या सनईमागेही अली बख्श या मामूंची बनारसमधली वर्षानुवर्षांची तालीम आहे. मामू रक्ताचे, हे खरे. पण मामू असणे वेगळे आणि रोज भाच्याला घेऊन बसणे वेगळे. नुसते मामू तर घरोघरी असतात.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. 'रक्तातच आहे' ही स्तुती नाही, ती पळवाट आहे. ती शिष्याची मेहनत बुडवते, शिक्षकाचे नाव बुडवते आणि ज्याला अजून शिकवलेच नाही त्याचा हक्क बुडवते. ज्यांना शिकवायचे नसते ते रक्ताची तपासणी करतात. हे काम दवाखान्याचे आहे, शाळेचे नव्हे. कोणाच्याही रक्तात गणित नसते, हॉर्न नसतो, उर्दू नसते आणि मराठीही नसते. माझ्या रक्तात मराठी नव्हती. मला ती एका मास्तरांनी शिकवली, आणि मी ती या पानावर वापरते आहे.

त्या मुलाचे पुढे काय झाले? गृहस्थांनी नकार दिल्यावर मीच एक प्राथमिक पुस्तक मिळवले. शाळा सुटल्यावर फळ्यावर पाच रेघा ओढायच्या आणि दोघांनी मिळून अडखळत वाचायचे. आधी मला कळेल, मग त्याला सांगेन, असा बेत होता. महिन्याभरात तो माझ्या पुढे गेला आणि माझी शिकवणी संपली, कारण माझ्याजवळ होते तेवढे संपले. त्याला पुढे नेणारा माणूस गावात एकच होता, आणि त्याच्या मते शिकवण्याची गरज नव्हती. दहावीनंतर मुलगा पूर्ण वेळ बँडमध्ये गेला.

मागच्या लग्नसराईत एका वरातीत दिसला. रात्रीचा एक वाजला असेल. ओठ सुजलेला. नवऱ्याकडचा कोणी त्याच्या डोक्यावरून नोट ओवाळत मोठ्याने म्हणाला, ''वा! खून में है इसके!'' मुलाने मला ओळखले आणि नुसती मान हलवली.

पुढच्या स्नेहसंमेलनात एखाद्या पाहुण्याने माइकवरून हे वाक्य म्हटले तर मी खाली बघत बसणार नाही. उभी राहून आठवीतल्या त्या पोराचाच प्रश्न विचारणार आहे. याला शिकवले कोणी? आणि कोणीच शिकवले नसेल, तर आपण इतके जण इथे बसून काय करतो आहोत?